आतून टकटक

जगात सगळीकडे माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवतो. या वस्तीत माणूस स्वतःच्या घरातून बाहेर पडताना दार वाजवतो. आतून दोनदा टकटक करायची आणि थांबायचं. गल्लीतून कोणी जात असेल आणि वाट मोकळी असेल, तर ते म्हणतं, "या." मग दार ढकलायचं. कोणी अगदी दाराशी आलेलं असेल, हातात काही जड असेल, तर ते म्हणतं, "थांबा." मग थांबायचं. काहीच उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा वाजवायचं, आणि तरीही गल्ली गप्प राहिली तर ती मोकळी आहे असं समजून बाहेर पडायचं. इतर ठिकाणी घर पाहुण्याला 'या' म्हणतं. इथे गल्ली घरातल्या माणसाला 'या' म्हणते.

कारण अगदी साधं. इथली दारं बाहेर उघडतात. दोरखंडाच्या कारखान्याने आपल्या कामगारांसाठी या खोल्या बांधल्या तेव्हा मालकाने चिकटपणाची हद्द केली होती. एका कुटुंबाला एक खोली, आणि खोली अशी की दार आत उघडलं तर खाट मावेना आणि खाट ठेवली तर दार उघडेना. शेवटी दार बाहेर काढलं. गल्लीही त्याच मालकाच्या हातची, म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली की एकाने पोट आत घ्यायचं. सुरुवातीला म्हणे रोज कुणाचं ना कुणाचं नाक फुटायचं. नाकासमोर चालणाऱ्या सरळ माणसाचे तर फारच हाल. मग कधीतरी कोणीतरी बाहेर पडण्याआधी दार वाजवलं. ते कोण, यावर आजही एकमत नाही. प्रत्येक घर सांगतं, ती आमची आजी.

पुढे कारखाना बंद पडला आणि खोल्या राहणाऱ्यांच्याच झाल्या. त्यानंतर वस्ती वाढली ती झाडासारखी, म्हणजे वर. मुलाचं लग्न ठरलं की एक मजला, नातवंडं झाली की त्यावर आणखी एक. नकाशा कुणी काढला नाही. पण एकाच्या बांधकामाच्या बल्ल्या शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवाव्या लागत, वाळू तिसऱ्याच्या दारात पडे, आणि पाणी चौथ्याच्या नळाचं, त्यामुळे चौघांना विचारल्याशिवाय वीटही चढत नसे. वरचा मजला गल्लीवर किती पुढे काढायचा याचं माप एकच होतं, कोपरापासून बोटांपर्यंत. त्याच्यापुढे कोणी गेलं नाही. म्हणून आजही गल्लीत उभं राहून मान वर केली की आभाळाची एक सरळ पट्टी दिसते, गल्लीभर सारख्याच रुंदीची, कुणीतरी पट्टीने आखल्यासारखी. शहर आखणाऱ्या खात्यातून काही तरुण मंडळी एकदा बघायला आली होती. त्यांनी विचारलं, "हे ठरवलं कोणी?" लोक एकमेकांकडे बघत राहिले. ठरवलं असं कोणीच नव्हतं. फक्त मोडलं कोणी नव्हतं.

दारं मात्र बाहेरच उघडत राहिली, कारण आता दाराच्या मागे वर जाणारा जिना उभा होता. आणि टकटकही राहिली. ती इतकी अंगात मुरली की वस्तीचा माणूस कुठेही ओळखू यायचा. साहेबाच्या खोलीतून बाहेर पडताना कारकून आतून दार वाजवायचा आणि साहेब दचकून म्हणायचा, "अरे, तू आतच आहेस."

या गल्लीच्या मधोमध एका घरात बाइंडर राहायचा. त्याने सारा जन्म छापखान्याच्या बांधणी विभागात काढला होता. पुस्तकांची पानं शिवायची, पाठीला सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा. शेजारीच कागद कापायचं यंत्र होतं आणि ते दिवसभर धडधडायचं. निवृत्त झाल्यावर यंत्र सुटलं, पण त्याने जाताना बाइंडरचे कान सोबत नेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग कुजबुज, मग दाराची घंटा, मग बायकांचे आवाज. बायको होती तोवर तिचे कान दोघांना पुरत. ती गेली आणि घरात एकही कान उरला नाही.

त्याने हे कुणाला सांगितलं नाही. लाजरा माणूस, आधीच बोलायचा कमी. समोरच्याच्या ओठांकडे बघत मान डोलवायची, मध्येमध्ये 'हो ना' म्हणायचं, एवढ्यावर त्याचं निभावत होतं. नेहमीच निभावत होतं असं नाही. एका शेजाऱ्याने सांगितलं, "आमचा जिना कोसळला हो काल." बाइंडरने हसून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "अभिनंदन. पेढे कधी?" शेजारी हात सोडवून निघून गेला. आपलं काहीतरी चुकलं एवढं बाइंडरला कळलं. काय चुकलं ते विचारायचं धाडस झालं नाही.

भिंतीला कान असतात म्हणतात. या गल्लीत दारालाही कान होते, आणि दाराआडच्या माणसाला तर हवेतच. बाइंडरला 'या' ऐकू येईना आणि 'थांबा'ही ऐकू येईना. दार हळूच किलकिलं करून बघावं, तर लाकूड जुनं, चौकटीत घट्ट बसलेलं, खांदा दिल्याशिवाय हलत नसे, आणि हललं की एकदम सुटायचं. मग त्याने एक युक्ती काढली. युक्ती म्हणजे भोंगा.

भोंगा हा वस्तीतला नळ दुरुस्त करणारा. खाली वाकून नळ उघडायचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला पाणी बंद करायला सांगायचं, यात त्याचा गळा तयार झाला होता. कारखान्याचा भोंगा थांबला तेव्हा वस्तीने तो याच्या गळ्यात बसवला, असं लोक म्हणायचे. तो 'या' म्हणायचा तेव्हा गल्लीतली चार दारं एकदम उघडायची. बाइंडरला साऱ्या वस्तीत ऐकू येणारा तेवढा एकच माणूस होता.

भोंगा सकाळी कामाला निघाला की बाइंडर आत दाराशी तयार उभा असायचा. पायात चपला, हातात पिशवी. लांबून भोंग्याचा आवाज येऊ लागला की टकटक करायची. "या हो, या!" असा गडगडाट झाला की खांदा द्यायचा. मग भोंग्याच्या पाठोपाठ, त्याच्या पावलावर पाऊल टाकत चालायचं, म्हणजे वाटेतली दारं तो सांभाळायचा. परत येतानाही भोंगा जेवायला घरी येण्याची वेळ गाठायची.

भोंगा खूश होता. बायकोला म्हणायचा, "बाइंडरसारखा वाचलेला माणूस आपल्या मागे मागे फिरतो. काहीतरी दिसलं असेल त्याला आपल्यात."

बायको म्हणायची, "दिसलं नसेल, ऐकू आलं असेल."

तिला काही ठाऊक नव्हतं. ती आपली भोंग्याला टोमणा मारत होती.

आणि मग एका सकाळी भोंगा आला नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. बाइंडर चपला घालून दाराशी उभा राहायचा आणि कंटाळून चपला काढायचा. घरातली साखर संपली, मग ब्रेड संपला. कुणाला विचारावं तर उत्तर ऐकू यायला हवं. शेवटी एकदा त्याने मनाचा हिय्या केला, दोनदा टकटक केली, थोडं थांबला, पुन्हा केली, आणि गल्ली मोकळी आहे असं समजून खांदा दिला.

दार सुटलं आणि कशाला तरी थडकलं.

समोरच्या घरातली शिंपीण जमिनीवर बसली होती. ती एका दुकानासाठी पडदे शिवायची. पडद्यांच्या कापडाचा गुंडाळा गल्लीत उलगडत लांबवर गेला होता आणि तिने उजवं मनगट डाव्या हातात घट्ट धरलं होतं.

"थांबा म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं."

तिच्या ओठांवर 'थांबा' हा शब्द बाइंडरला स्पष्ट दिसला. त्याच्या तोंडून पटकन निघालं, "मला 'या' ऐकू आलं, वहिनी."

"'थांबा' आणि 'या' सारखेच का वाटतात तुम्हाला?"

माणसं जमली. कुणी कापड गुंडाळलं, कुणी शिंपिणीला उठवलं. बाइंडर कापड उचलायला वाकला, तर एका बाईने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. शब्द कळत नसले तरी चेहरे वाचता येतात, आणि ते चेहरे बंद दारासारखे होते. या गल्लीत भांडणं होत, कचऱ्यावरून, पाण्यावरून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या ठिबकण्यावरून. ती संध्याकाळपर्यंत मिटत. पण 'थांबा' म्हटल्यावर दार उघडणं हे भांडण नव्हतं. कुणी कधी तसं केलंच नव्हतं, त्यामुळे त्याला काय म्हणायचं हेही लोकांना ठाऊक नव्हतं.

शिंपिणीचं मनगट मुरगळलं होतं. समोरच्या खिडकीतून तिचं शिवणयंत्र दिसायचं. त्यावर आता कापड झाकलेलं असायचं. बाइंडरने खिडकीकडे बघणं सोडलं आणि बाहेर पडणंही सोडलं.

गल्लीने त्याच्या मुलीला कळवलं. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहायची, शाळेत विज्ञान शिकवायची. ती आली तेव्हा पिशवीत ब्रेड होता आणि चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. बाइंडर चहा करत होता. ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, चहात माशी पडली."

बाइंडर चहा गाळत राहिला.

"बाबा, तुमची चप्पल पेटली आहे."

त्याने दोन कप भरले, वळला, आणि तिला मागेच उभी बघून दचकला. मुलीचे डोळे भरले होते. ती त्याच्या कानाजवळ वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "कधीपासून?"

"चहा घे आधी," तो म्हणाला. "निवेल."

मग तिने एकेक उपाय काढला. कानाचं यंत्र? त्याने आणलं होतं, गुपचूप. कपाटात पडलं होतं. ते लावलं की भांडं पडल्याचा आवाज दुप्पट व्हायचा आणि माणसाचा शब्द होता तेवढाच पुसट राहायचा. दाराला बघायचं भोक? भोकातून काय, गजांच्या खिडकीतून काय, फक्त समोरचं दिसतं, माणूस येतो बाजूने. दार आत उघडणारं करायचं? जिन्याची पहिली पायरी मध्ये येते. मुलीचं बालपण याच घरात गेलं होतं. पायरीचं तिला सांगावं लागलं नाही. तिने नुसतं तिकडे बघितलं आणि तो उपाय स्वतःच सोडून दिला.

"मग माझ्याकडे चला," ती कानाशी म्हणाली. "तिथे दार आत उघडतं."

तिच्याकडे तो एकदा राहिला होता. घर छान होतं, उजेड भरपूर, भिंती पांढऱ्या. पहिल्याच दिवशी फिरायला निघताना त्याने सवयीने आतून दार वाजवलं आणि थांबला. बाहेर लांबलचक रिकामा पॅसेज होता. तेव्हा त्याला ऐकू येत होतं, त्यामुळे तिथे कोणीच काही म्हणत नाही हेही ऐकू आलं. थोडा वेळ उभा राहून त्याने चपला काढल्या होत्या.

तरी तो म्हणाला, "बरं. येतो."

मुलीने आश्चर्याने बघितलं. तिने वादाची तयारी केली होती.

"मी इथल्या माणसांना धोका झालोय, बाळ," तो म्हणाला. "उद्या दाराबाहेर कुणी लेकुरवाळी असेल. इथे राहायचं तर 'थांबा' पाळता आलं पाहिजे. नाही पाळता आलं, तर राहू नये."

ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गाडी घेऊन येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडरने एका बॅगेत कपडे भरले, दुसरीत पुस्तकं. पुस्तकांची बॅग उचलेना म्हणून निम्मी परत काढली. मग घर झाडलं. मग उगाच कपाट पुसलं. शेवटी करण्यासारखं एकच काम उरलं. समोर जाऊन शिंपिणीची माफी मागायची. आणि नुसती माफी नाही, खरं सांगायचं. 'या' ऐकू आलं हे खोटं होतं. काहीच ऐकू आलं नव्हतं.

पण त्यासाठी दार उघडायला हवं.

तो दाराशी बराच वेळ उभा राहिला. मग डावा तळवा लाकडावर टेकवला, उजव्या हाताने दोनदा टकटक केली आणि सवयीने थांबला, जरी थांबून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं.

तळव्याखाली लाकूड हललं. टक, टक.

आपलीच टकटक हातात घुमली असेल असं त्याला वाटलं. त्याने पुन्हा वाजवलं, या वेळी मुद्दाम एकदाच. थोडा वेळ गेला. मग तळव्याखाली पुन्हा दोनदा.

बाइंडरचा हात हे ओळखत होता. पुठ्ठ्यावर कापड चिकटवलं की खाली कधीकधी हवा राहते. ती डोळ्याला दिसत नाही. बोटाच्या पेराने ठोकत जायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा पुठ्ठ्याखाली धरायचा. पोकळ जागा आली की ठोका वेगळा लागतो. कापायच्या यंत्राच्या धडधडीत त्या विभागात कुणालाच काही ऐकू यायचं नाही. ते काम सगळे हातानेच ऐकायचे. आणि आता त्याचा हात त्याला सांगत होता की हा ठोका बाहेरून आलेला आहे, माणसाचा आहे, आणि दार उघड म्हणतो आहे.

त्याने खांदा दिला.

बाहेर, दारापासून नीट अंतर राखून, भोंगा उभा होता. गळ्याभोवती पांढरी पट्टी. बाइंडरला बघून त्याचा चेहरा फुलला, तोंड उघडलं, आणि मग काहीतरी आठवून त्याने ते मिटलं. त्याने गळ्यावरून बोट आडवं फिरवलं.

"कोण गेलं?" बाइंडरने घाबरून विचारलं.

भोंग्याने जोरजोरात मान हलवली. गळ्याकडे बोट, मग कात्रीसारखी दोन बोटं, मग ओठांवर बोट, मग दोन्ही हात आभाळाकडे.

"देवाघरी? अरेरे. कोण पण?"

भोंग्याने कपाळावर हात मारला. समोरच्या दारात शिंपीण उभी होती, हात गळ्यात बांधलेला, आणि तिचे खांदे हसून हसून हलत होते. "ऑपरेशन झालंय त्याचं! गळ्यात गाठ होती," ती म्हणत होती. "डॉक्टरने बोलायला बंदी केली आहे. तरी मेला सारखं तोंड उघडतोय. भाऊजी, कुणी गेलं नाही हो!"

बाइंडर तिच्या ओठांकडे बघत होता आणि त्याला 'भाऊजी' एवढंच कळलं. पण तेवढंच त्याला हवं होतं. तिने अजून भाऊजी म्हटलं होतं. तो गल्ली ओलांडून, म्हणजे दोन पावलं टाकून, तिच्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, त्या दिवशी मला 'या' ऐकू आलं नव्हतं. 'थांबा'ही नाही. मला ऐकूच येत नाही. बरेच दिवस झाले. सांगायची लाज वाटली. तुमचा हात माझ्या लाजेपायी गेला."

शिंपिणीचं हसू थांबलं.  ती पुढे वाकली आणि त्याच्या कानात ओरडली, "बहिरे आहात?"

"हो."

"म्हणजे मागे माझ्या भावाचा जिना पडला तेव्हा तुम्ही पेढे मागितलेत, ते..."

"जिना पडला होता?" बाइंडरने विचारलं. "मला वाटलं मुलगा पास झाला."

"अहो, आम्हाला वाटलं तुम्ही शिष्ट झालात! मुलीकडे गेलात काय, चार दिवस उंचावर राहिलात काय, परत आल्यापासून कुणाशी धड बोलेना माणूस! टकटक ऐकून उत्तर देत नाही! मी तर म्हटलं, एवढी पुस्तकं बांधली, त्यातलं एखादं डोक्यात गेलेलं दिसतंय!" ती वर तोंड करून खिडक्यांना उद्देशून ओरडली, "ऐकलं का गं, भाऊजी शिष्ट नाहीत! बहिरे आहेत!"

वरच्या खिडकीतून कोणीतरी खालच्याला सांगितलं, खालच्याने पलीकडच्याला. ज्या माणसाला ऐकू येत नव्हतं त्याची बातमी कर्णोपकर्णी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. माणसं दारं वाजवून बाहेर येऊ लागली. जिना पडलेला शेजारी आला आणि त्याने बाइंडरचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. एखाद्याच्या घरी चांगली बातमी आल्यासारखं सगळं चाललं होतं. बाइंडरच्या डोक्यावरून मणाचं ओझं उतरलं.

भोंगा मात्र अजून कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. मग तो बाइंडरकडे, स्वतःकडे, दाराकडे बोट दाखवू लागला. म्हणजे, तो गल्लीतून जाताना आतून टकटक आली. त्याला 'या' म्हणायचं होतं, म्हणता येईना. मग काय करणार, दारावर वाजवलं. आणि बाइंडरने दार उघडलं.

"तुला ऐकू आलं?" शिंपीण बाइंडरच्या कानात ओरडली, आणि घाईत एकेरीवर आली.

"हाताला आलं," बाइंडर म्हणाला. आणि सगळ्यांसमोर तळवा दारावर टेकवून दाखवला.

दुपारी मुलगी आली तेव्हा तिच्या वडिलांच्या दाराभोवती शाळा भरली होती. एकजण आत, बाकीचे बाहेर. आतून टकटक झाली की बाहेरचा दोनदा ठोकायचा, ते 'या'. 'थांबा'साठी काय करायचं यावर बराच खल झाला होता. कुणी म्हणत होतं तीनदा ठोकावं, कुणी म्हणत होतं एकदाच. शेवटी शिंपिणीने दाराला पाठ टेकवली होती आणि म्हणाली होती, "हे थांबा. याच्यापुढे कोण उघडतंय बघू." ते सगळ्यांना पटलं होतं.

मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती शाळेत विचारते तसं म्हणाली, "आणि गल्लीत नवीन कोणी आलं, तर? त्याला कसं कळणार?"

"तू इथलीच ना गं?" शिंपीण म्हणाली. "इथे न सांगता कोण राहिलंय कधी? टकटक तरी तुला कुणी शाळेत शिकवली होती?"

"बरं. दार झालं. पण बाबा दार उघडून गल्लीत आले, की मग? ते चालत असताना एखाद्या घरातून टकटक झाली तर? त्यांना ऐकू येणार नाही. आतल्या माणसाला वाटणार गल्ली मोकळी आहे. तो दार उघडणार." तिने वाक्य संपवलं, "आणि ते बाबांच्या नाकावर बसणार."

 भोंग्याने तोंड उघडलं आणि मिटलं. 'माझ्या मागून चालतील' असं त्याला म्हणायचं असावं, पण आयुष्यभर कुणी कुणाच्या मागून चालत नाही, हे त्यालाही कळत होतं.

मुलगी आत गेली आणि कपड्यांची बॅग घेऊन आली. शब्द ऐकू आले नसले तरी बॅग बाइंडरला दिसली. तिने काय विचारलं असेल आणि त्याला उत्तर नसेल, हेही त्याला समजलं. इतके दिवस तो स्वतःलाच ते विचारत आला होता.

"कोपऱ्यापर्यंत एकदा जाऊन येतो," तो म्हणाला. "मग निघू."

तो निघाला. मुलगी बॅग घेऊन मागोमाग. कोणी सोबत चाललं नाही. निरोप घेणाऱ्याच्या मागे गर्दी करू नये एवढं वस्तीला कळत होतं.

बाइंडरने हात भिंतीला लावला. आधार म्हणून नाही. आता पुन्हा केव्हा लावता येईल ठाऊक नव्हतं, म्हणून. त्याची बोटं भिंतीवरून, दारावरून, पुन्हा भिंतीवरून सरकत गेली, कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरून फिरवावीत तशी. हे खडबडीत दार कारखान्याच्या जुन्या फाटकाच्या फळ्यांचं. लिलावात कुणी ते घेतलं नाही म्हणून इथे आलं. हे पत्र्याचं, उन्हाने तापलेलं. हे गुळगुळीत, या घरातला मुलगा सुतारकाम शिकत होता तेव्हाचं. त्याने एकाच दारावर इतका रंधा मारला की ते निम्मं झालं, तरी बापाने तेच बसवलं. पुढे भिंतीवर एक जाड सांधा लागला, जिथे दोन भावांनी भांडून मध्ये भिंत घातली होती आणि नंतर समेट झाल्यावर तिच्यात खिडकी काढली होती. वर आभाळाची पट्टी होती, जशीच्या तशी. इतक्या माणसांनी, इतक्या वर्षांत, इतक्या कमी जागेत, एकमेकांचं नाक न फोडता घरं चढवली, हे त्याने कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. बांधलेल्या पुस्तकांत तरी नव्हतं.

एका हिरव्या दारावरून हात जात असताना बोटांखाली लाकूड दोनदा हललं.

बाइंडर थांबला. त्याने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. दारावर दोनदा वाजवलं आणि सवयीने पाठ भिंतीला लावून, पोट आत घेऊन उभा राहिला. दार उघडलं. हातात धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन एक बाई बाहेर आली, त्याला बघून तिने मान हलवली, रोज हलवते तशी, आणि वाट काढून पुढे गेली. काहीही विशेष घडलं नव्हतं. एक बाई कपडे वाळत घालायला गेली होती.

त्याने मागे वळून बघितलं. मुलगी गल्लीच्या मधोमध उभी होती. तिने टकटक ऐकली होती आणि ती ओरडणार होती, हे तिच्या अर्धवट उचललेल्या हातावरून दिसत होतं. हात तसाच राहिला होता.

मग तिने तो खाली घेतला. त्याच्याकडे आली, त्याने हात ठेवला होता तिथेच हिरव्या दारावर आपला तळवा ठेवून बघितला, आणि काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं नाही. ती वळली आणि बॅग घेऊन परत घराकडे चालू लागली. तो मागे मागे, भिंतीवर बोटं टेकवत, सावकाश.

तो पोचला तोवर ती आत गेली होती आणि दार लागलेलं होतं. शिंपीण समोरच्या पायरीवर बसून बघत होती. भोंगाही होता. दोघांनीही अवाक्षर काढलं नाही, एकाला बंदी होती म्हणून आणि दुसरीला प्रथमच सुचत नव्हतं म्हणून. बाइंडरने आपल्याच दारावर तळवा टेकवला आणि वाट बघू लागला.

थोड्या वेळाने आतून टकटक झाली, दोनदा.

त्याने गल्लीत दोन्ही बाजूंना बघून घेतलं. मग दारावर दोनदा वाजवलं, मागे सरला, आणि स्वतःला ऐकू येणार नव्हतं तरी मोठ्याने म्हणाला, "या."

दार उघडलं. मुलगी बाहेर आली. तिचे हात मोकळे होते.